घेणेकरी भुते

आफ्रिकी लोककथांमधून आलेल्या भयकथांबद्दल हल्ली बरेच लिहिले जाते, आणि त्यातले बहुतेक लिखाण म्हणजे भुतांची जंत्री असते. टोकोलोशे म्हणजे कोण, मामी वाटा कशी दिसते, कोणाचे डोळे पांढरे आणि कोण पाण्यात राहते, एवढी ओळख करून दिली की काम झाले अशी समजूत दिसते. या जंत्रीतून त्या कथांतली खरी भीती निसटते, अशी माझी तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत जे वाचले आणि पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे की या परंपरेतल्या उत्तम कथांमधले भूत हे सावजावर टपलेले श्वापद नसते, ते घेणेकरी असते. त्याचे काहीतरी येणे बाकी असते, ते वसूल करायला ते येते, आणि ज्याच्याकडून ते यायचे आहे त्याला मनातून ते ठाऊक असते. अंधारात काहीतरी दडले आहे ही भीती दिवा लावला की संपते. आपण कोणाचे तरी देणे लागतो ही भीती दिव्याने जात नाही.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा अमोस टुटुओलाच्या ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ या कादंबरीत आहे. टुटुओला १९२० साली नायजेरियातल्या अबेओकुटा येथे जन्मला, शाळेत जेमतेम काही इयत्ता शिकला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात तांबटकाम करून आला आणि पुढे लागोसच्या सरकारी कामगार खात्यात निरोप्याची नोकरी करत असताना त्याचे हे पुस्तक १९५२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा नायक वयाच्या दहाव्या वर्षापासून ताडी पिण्यापलीकडे काहीही करत नाही. बापाने त्याला ५,६०,००० झाडांची बाग आणि ताडी काढणारा एक वाकबगार माणूस दिलेला असतो. हा माणूस झाडावरून पडून मरतो, फुकटच्या ताडीवर जमणारे दोस्त पांगतात, आणि नायक त्याला परत आणण्यासाठी मेलेल्यांच्या गावाचा रस्ता शोधत निघतो.

वाटेत जी गोष्ट येते ती पश्चिम आफ्रिकेत अनेक रूपांत सांगितली जाते. बाजारात एक असा देखणा पुरुष येतो की बाँब टाकायला आलेल्या विमानांनीही त्याला पाहून बाँब टाकले नसते, असे निवेदक सांगतो. कोणत्याही मागणीला होकार न दिलेली एक मुलगी त्याच्या मागे चालू लागते. तो तिला परत जायला सांगतो, ती ऐकत नाही. रान लागते, आणि तिथे हा गृहस्थ आपले शरीर परत करू लागतो, कारण ते सगळे भाड्याने आणलेले असते. डावा पाय ज्याचा त्याला दिला आणि भाडे चुकते केले. उजवा पाय दिला, त्याचेही भाडे चुकते केले. मग पोट, बरगड्या, छाती, हात, मान, आणि सर्वांत शेवटी डोक्यावरचे मांस व कातडी. उरते ती नुसती कवटी. ही कवटी मुलीला आपल्या बिळात नेते, एका मोठ्या बेडकाच्या पाठीवर बसवते आणि तिच्या गळ्यात कवडी बांधते. पळायचा प्रयत्न केला की ती कवडी ओरडू लागते. मला या प्रसंगात कवटीपेक्षाही भीतिदायक वाटतो तो त्या गृहस्थाचा चोख हिशेब. तो कोणाची पैही बुडवत नाही. माणूस म्हणून बाजारात मिरवण्यासाठी लागणारे सगळे काही भाड्याने मिळते आणि संध्याकाळपर्यंत ते परत करायचे असते, एवढे एका परिच्छेदात सांगून टाकणारा दुसरा भयकथाकार मला माहीत नाही.

त्याहून विलक्षण प्रसंग पांढऱ्या झाडाचा आहे. नायक आणि त्याची बायको एका प्रचंड झाडाच्या पोटातल्या वस्तीत राहायला जातात, आणि आत शिरण्याआधी दाराशीच आपले मरण ७० पौंड १८ शिलिंग ६ पेन्सला विकतात व आपली भीती दरमहा ३ पौंड १० शिलिंग व्याजाने उसनी देतात. निघायची वेळ येते तेव्हा भीती परत मिळते, शेवटच्या व्याजासकट. मरण मात्र मिळत नाही, कारण ते उसने दिलेले नसून विकलेले असते आणि घेणारा झालेला व्यवहार मोडायला तयार होत नाही. त्यामुळे पुढे ही दोघे मरू शकत नाहीत, पण घाबरू मात्र शकतात. वसाहतीतल्या कचेरीत फायलींची ने-आण करणाऱ्या माणसालाच ही कल्पना सुचावी हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

डिलन टॉमससारख्या कवीने लंडनच्या वर्तमानपत्रात या पुस्तकाची तारीफ केली, आणि नायजेरियातले अनेक सुशिक्षित वाचक त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीने शरमून गेले. गोऱ्या वाचकाला आपले मागासलेपण पाहायला मिळाले म्हणूनच तो टाळ्या वाजवतो आहे, असा त्यांना संशय होता. संशय अगदीच निराधार नव्हता. पण टुटुओला आकाशातून पडला नव्हता. त्याच्या आधी, १९३८ साली, डी. ओ. फागुन्वा यांनी योरुबा या टुटुओलाच्याच मातृभाषेत हजार भुतांच्या अरण्यात शिरणाऱ्या शिकाऱ्याची कादंबरी लिहिली होती आणि ती शाळाशाळांतून वाचली जात होती. वोले सोयिंका यांनी तिचे केलेले इंग्रजी भाषांतर १९६८ साली आले. म्हणजे अरण्य, भुते आणि त्यांच्याशी केलेले करारमदार ही सगळी सामग्री घरच्या वाचकांना आधीपासून परिचयाची होती.

आता अबिकू. योरुबा समाजात अबिकू आणि नायजेरियातल्याच इग्बो समाजात ओग्बांजे म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी जन्म घेऊन पुन्हा पुन्हा मरणारे मूल. मेलेल्यांच्या जगात त्याचे सोबती असतात, ठराविक वेळी परत येण्याचा शब्द देऊन ते इकडे आलेले असते, आणि म्हणून आईच्या मायेपेक्षा आधी दिलेला शब्द त्याला जड वाटतो. इथे भूत घराबाहेर नसते, मांडीवर असते. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही कोणी भयकादंबरी म्हणून वाचत नाही, पण त्यातले एझिन्माचे प्रकरण मी कोणत्याही भयकथेच्या वर ठेवीन. एझिन्माच्या आईची, एक्वेफीची, दहापैकी नऊ मुले दगावली आहेत. एझिन्मा ही जगलेली एकुलती एक. तिने आपला करार म्हणून जी वस्तू जमिनीत पुरून ठेवली असेल ती सापडली तरच ती राहील, असे वैदू सांगतो. तो त्या लहान मुलीला शांतपणे विचारतो, कुठे पुरलेस? ती पुढे चालते, सारा गाव मागे. रस्त्यावरून, झाडीतून फिरवून ती सगळ्यांना परत बापाच्या अंगणात आणते आणि संत्र्याच्या झाडाकडे बोट दाखवते. माणूसभर खोल खणल्यावर मळक्या चिंधीत बांधलेला एक गुळगुळीत खडा निघतो. रक्त नाही, किंकाळी नाही. आई तिथे उभी आहे आणि तो खडा आपल्या लेकीचाच आहे का, एवढेच तिला जाणून घ्यायचे आहे.

आपल्याकडे मुले जगत नसली की पुढच्या पोराचे नाव धोंडू, दगडू, केरू किंवा भिकू ठेवायची रीत होती, हे जुन्या पिढीला सांगायला नको. योरुबा आईबाप अशा मुलाला ‘पुन्हा जाऊ नकोस’, ‘थांब आणि आयुष्य उपभोग’ अशा अर्थाची नावे देतात. आपण मुलाला कवडीमोल ठरवून मृत्यूची नजर चुकवू पाहत होतो. ते थेट मुलालाच विनवतात. काही डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी ओग्बांजेच्या समजुतीचा संबंध सिकलसेल या रक्ताच्या आजाराशी जोडला आहे. तो आजार नंदुरबार आणि गडचिरोलीतल्या आदिवासी कुटुंबांनाही चांगलाच ठाऊक आहे. पण हे स्पष्टीकरण मिळाल्याने गोष्टीतली भीती कमी होते असे मला वाटत नाही, कारण गोष्ट आजाराची नसून आईने कोणावर भरवसा ठेवायचा याची आहे. अझारो या अबिकू मुलाच्या तोंडून सांगितलेली बेन ओक्री यांची ‘द फॅमिश्ड रोड’ १९९१ साली बुकर पारितोषिक मिळवून गेली. तिची कल्पना थोर आहे, मात्र भुतांची वर्दळ इतकी वाढते की शेवटी एकाचीही धास्ती उरत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

चित्रपटांपैकी दोनच घेते; ज्यांना ते अजून पाहायचे आहेत त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. माटी डिऑप यांचा ‘अटलांटिक्स’ (२०१९) सेनेगलची राजधानी डाकार इथे घडतो. एका उंच मनोऱ्याच्या बांधकामावरच्या मजुरांची काही महिन्यांची मजुरी मालकाने थकवलेली आहे. ते होडीतून स्पेनच्या दिशेने निघतात आणि समुद्रात बुडतात. मग रात्री वस्तीतल्या पोरींच्या अंगात ते येतात, पांढऱ्या डोळ्यांनी मालकाच्या घरात जाऊन बसतात आणि काय मागतात, तर आपली थकलेली मजुरी. पैसे मिळाल्यावर ते त्याला स्वतःच्या हाताने आपल्या कबरी खणायला लावतात. दुसरा रेमी वीक्स यांचा ‘हिज हाउस’ (२०२०). दक्षिण सुदानच्या युद्धातून निसटलेल्या बोल आणि रियाल या जोडप्याला इंग्लंडमध्ये सरकारी घर मिळते आणि त्या घराच्या भिंतींत अपेथ नावाचे भूत राहायला येते. रियाल नवऱ्याला गोष्ट सांगते: गावातल्या एका माणसाने घर बांधण्यासाठी चोरी केली, ज्याचे चोरले तो अपेथ निघाला, आणि घर उभे राहिले तेव्हा तोही त्यात राहायला आला. या दोघांनी काय चोरले आहे ते चित्रपट बराच उशिरा उघड करतो. जीव वाचवणाऱ्या बसमध्ये मुले असलेल्यांनाच जागा मिळत होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी उचलली होती, आणि ती पुढे समुद्रात बुडाली. झपाटलेल्या घराच्या गोष्टीत ‘हे लोक घर सोडून का जात नाहीत?’ हा प्रेक्षकाचा नेहमीचा प्रश्न असतो. इथे घर सोडले तर आश्रय जातो, आणि घर न सोडले तर देणे समोर उभे राहते.

मामी वाटा ही जलदेवता पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर पूजली जाते. ती धन देते आणि मोबदल्यात माणसाची निष्ठा मागते. तिच्या देव्हाऱ्यात आरसा, कंगवा, अत्तर, पावडर असते. तिचे सर्वांत प्रचलित चित्र १८८०च्या दशकात हॅम्बर्गमध्ये छापलेल्या एका नागवाल्या बाईच्या रंगीत चित्रावरून आले, आणि कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी नोंदवल्याप्रमाणे तेच चित्र १९५५ साली मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीने पुन्हा छापले आणि त्याच्या १२,००० प्रती घानामधल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांकडे गेल्या. एवढ्यावर थांबत नाही. हिंदू देवतांच्या छापील तसबिरीही त्या किनाऱ्यावर पोहोचल्या, आणि डेन्सू या जलदेवाचे तीन मुखांचे रूप दत्तात्रेयाच्या तसबिरीवरून घेतले गेले. मुंबईच्या छापखान्यांतून निघालेले कागद टोगो आणि घानाच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसले, हे कळल्यापासून ‘अस्सल, अस्पर्श आफ्रिकी भूतविद्या’ असले शब्द जाहिरातीत वाचले की मला हसू येते. लोकपरंपरा गिऱ्हाईक आणि व्यापारी यांच्यामधूनच वाढत आली आहे.

माझे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतला टोकोलोशे हा बुटका, केसाळ उपद्रवी जीव बहुधा कोणाच्या तरी मत्सरातून पाठवला जातो, आणि लोक त्याच्या धास्तीने पलंगाच्या पायांखाली विटा लावतात. त्यात येण्या-देण्याचा संबंध ओढूनताणूनच लावावा लागेल.

गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. नायजेरियाच्या व्हिडिओ चित्रपटांची लाट ज्याने उसळवली तो ‘लिव्हिंग इन बाँडेज’ (१९९२) हा इग्बो चित्रपट श्रीमंतीसाठी बायकोचा बळी देणाऱ्या नवऱ्याचा आहे. तिचे भूत त्याला सुखाने जगू देत नाही. हा हिशेबही चोख आहे, आणि रातोरात गबर झालेल्यांबद्दल त्या काळी लोकांच्या मनात जे खदखदत होते ते त्यात उतरले. पण त्यानंतर निघालेल्या असंख्य नकलांमध्ये देणे बुडवणारा श्रीमंत हळूहळू मागे पडला आणि चेटकीण म्हणून म्हातारी किंवा पोर पुढे आली. हे पडद्यापुरते राहत नाही. नायजेरियाच्या अक्वा इबोम राज्यात मुलांना चेटकी ठरवून घराबाहेर काढण्याचे प्रकार इतके वाढले की २००८ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. उत्तर घानात गांबागा येथे चेटकिणीचा शिक्का बसलेल्या बायकांची वेगळी वस्तीच आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तोही असल्याच अनुभवांतून. म्हणून भयकथा लिहिणाऱ्याने भुतावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्या कथेत वसुली कोणाकडून होते ते मी पाहते. ‘अटलांटिक्स’मध्ये ती मालकाकडून होते, ‘हिज हाउस’मध्ये स्वतःकडून. जिथे ती गावातल्या सर्वांत दुबळ्या बाईकडून होते तिथे कथा कितीही अंगावर काटा आणणारी असली तरी मी तिला लबाड म्हणेन.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी टुटुओलापासूनच सुरुवात करावी. पुस्तक लहान आहे. इंग्रजी मनातल्या मनात दुरुस्त करत वाचू नये, मोठ्याने वाचावे, आणि पांढऱ्या झाडाच्या प्रकरणाशी थांबून ते व्याज कशाचे होते ते एकदा पुन्हा वाचावे.