भूल उतरण्याआधी पहिला डोस

हर्नियासारख्या ऑपरेशननंतर मूल त्याच संध्याकाळी घरी पाठवता येतं, हा लहान मुलांच्या ऑपरेशनवरच्या लेखातला मुद्दा पटला. पण माकडहाडापाशी दिलेला कॉडल ब्लॉक, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन, साधारण 4 ते 6 तासच टिकतो. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलातून काणकोणला निघालेलं मूल वाटेतल्या करमल घाटातच कळवळायला लागतं. म्हणून पॅरासिटामॉल रडण्याची वाट न पाहता, ब्लॉक उतरायच्या आधीच द्यावं. मग दर 6 तासांनी, दिवसात चारदाच. ऑपरेशन थिएटरमध्येच पॅरासिटामॉलची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) दिली असेल तर तास तिथून मोजायचे.

डोस किलोला 15 मिग्रॅ. 12 किलोच्या मुलाला 180 मिग्रॅ. म्हणजे 5 मिलीत 120 मिग्रॅ असलेल्या सिरपचे 7.5 मिली, 250 वाल्याचे 3.6, आणि 1 मिलीत 100 मिग्रॅ असलेल्या ड्रॉप्सचे फक्त 1.8! घोळ होतो तो इथेच. डॉक्टरांनो, डिस्चार्जच्या कागदावर 'दीड चमचा' कृपया लिहू नका. बाटलीवरची ताकद, मिली आणि पुढची वेळ लिहा. सिरिंजवर पेनाने खूण करून ती आईच्या हातात द्या.

गाडीत मुलाशेजारी एक मोठं माणूस हवंच, पेंगताना हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो. पाय जड असेपर्यंत एकटं चालू देऊ नये. घरी आधी घोटघोट पाणी, उलटी नसेल तर पेज.