जीपीएल सॉफ्टवेअर वापरलं म्हणून प्रोजेक्टचा कोड जाहीर करावा लागत नाही

‘कॉलेजच्या लॅबमध्ये जीपीएल परवान्याचं सॉफ्टवेअर वापरलं, तर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा सगळा कोड जगजाहीर करावा लागतो’ असा मेसेज फिरतोय. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना खरा, पण हा दावा साफ चुकीचा आहे, आणि अशा भीतीपायी लॅबमधून चांगली साधनं काढली जातात हे वाईट.

जीसीसी या जीपीएलखालच्या कंपायलरने (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) कंपाइल केलेला प्रोग्राम तुमचाच राहतो. कंपायलर स्वतःच्या लायब्ररीचे (तयार कोडच्या संचाचे) काही तुकडे तयार फाइलमध्ये घालतो खरा, पण त्यासाठी परवान्यालाच स्वतंत्र सूट जोडलेली आहे.

गाडी अडते ती लिंक करताना, म्हणजे दुसऱ्याची लायब्ररी आपल्या प्रोग्रामला जोडताना. रीडलाइन ही टाइप केलेली ओळ वाचणारी लायब्ररी जीपीएलखाली आहे. ती जोडून बनवलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर संपूर्ण प्रोग्रामचा सोर्स (मूळ कोड) जीपीएलखाली द्यावा लागतो. तोही ज्याला प्रोग्राम दिला त्याला, साऱ्या जगाला नव्हे. प्रोग्राम फक्त स्वतःच्या मशिनवर चालवलात, तर काहीच द्यावं लागत नाही.

एजीपीएल या जीपीएलच्याच भावंड परवान्याचं मात्र वेगळं. त्याखालचा कोड बदलून सर्व्हरवर चालवलात, की नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही बदललेला सोर्स मिळाला पाहिजे. कॉलेजचं पोर्टल बांधणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

कोड बंद ठेवायचाच असेल, तर रीडलाइनऐवजी बीएसडी या सोर्स द्यायची सक्ती नसलेल्या परवान्याची, तशीच लायब्ररी लिबएडिट जोडा.