हेड जोर लावून बसत नाही

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून परत बसवण्याबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘हेडच्या कामाचा उगाच बाऊ करतात. बोल्ट खोला, जुनं गॅस्केट ग्राइंडरला गोल पॅड लावून घासून काढा, नव्या गॅस्केटला दोन्ही बाजूंनी सीलंटचा हात मारा, जुन्याच बोल्टांना भरपूर तेल लावा आणि जीव खाऊन आवळा. फेस तपासणं, टॉर्क रेंच, नवे बोल्ट ही सगळी बिल वाढवायची निमित्तं. मॅनिफोल्ड तर काय, जिथे हात पोचेल तिथून आवळत जा.’ (गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर, फेस म्हणजे सांध्यावर टेकणारा सपाट पृष्ठभाग, टॉर्क रेंच म्हणजे ठरावीक जोराने आवळायचा पाना, आणि मॅनिफोल्ड म्हणजे हेडला बाजूने जोडलेल्या हवेच्या किंवा धुराच्या नळ्यांचा संच.)

बाऊ करू नये, एवढं मला मान्य आहे. ज्याच्याकडे धीर आहे, त्या इंजिनाचं मॅन्युअल आहे आणि मोजायची साधनं आहेत, त्याला हे काम शिकता येतं. पण मजकुरातली बाकीची जवळपास प्रत्येक ओळ इंजिनाची वाट लावणारी आहे, आणि लोक ती वाचून पाना हातात घेताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘जीव खाऊन आवळा’. हेड ब्लॉकवर टिकतं ते बोल्टांच्या ताणामुळे. 80 मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी 60 बार दाब झाला, तर त्या एका सिलिंडरपुरता हेडला वर उचलणारा जोर सुमारे 30,000 न्यूटन होतो, म्हणजे तीन टनांच्या वजनाएवढा. चार स्ट्रोकचं इंजिन 3,000 आरपीएमवर असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला 25 वेळा बसतो. याला पुरून उरायचं तर बोल्ट रबराच्या दोरीसारखा ताणलेला राहायला हवा, आणि सगळे बोल्ट सारखे ताणलेले हवेत. एक जास्त आणि शेजारचा कमी असेल, तर हेड तिथेच वाकतं आणि कमी ताणाच्या बाजूने गॅस्केट उडतं.

आता हाताला जो जोर लागतो, त्यातला ताणात किती जातो? ढोबळ हिशेब असा की निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेला दहाएक टक्के खरा बोल्ट ताणतो. आट्यांत गंज असेल तर हाताला ‘घट्ट झाला’ असं वाटतं आणि ताण मात्र जेमतेम आलेला असतो. मनगटाला घर्षण कळतं, ताण कळत नाही. वीस वर्षांच्या अनुभवी मनगटाचीही हीच मर्यादा आहे.

म्हणूनच आजच्या बहुतेक इंजिनांत आधी थोडा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि मग कोन, अशी पद्धत असते. उदाहरणार्थ, 30 न्यूटन-मीटर, मग 90 अंश, मग पुन्हा 90 अंश. दहा मिलिमीटरच्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिलिमीटर असेल, तर पाव फेऱ्यात तो 0.375 मिलिमीटर पुढे सरकतो. घर्षण कमी असो की जास्त, हा आकडा बदलत नाही. त्यामुळे सगळे बोल्ट जवळजवळ सारखे ताणले जातात. आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात, एकाचे दुसऱ्याला लावू नयेत. आवळण्याचा क्रम मात्र सहसा मधून बाहेर असतो, आणि तोही टप्प्याटप्प्याने.

‘जुनेच बोल्ट चालतात’ याचं उत्तर इथेच मिळतं. कोनाने आवळायचे पुष्कळसे बोल्ट मुद्दाम लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. ते कायमचे लांबतात. असा बोल्ट दुसऱ्यांदा त्याच कोनातून फिरवला, तर ताण पुरेसा येईल याची खात्री नाही, आणि तो तुटूही शकतो. काही इंजिनांत बोल्ट पुन्हा वापरायची मुभा असते. तिथे मॅन्युअलमध्ये कमाल लांबी दिलेली असते आणि व्हर्नियरने मोजून ठरवायचं असतं.

‘भरपूर तेल लावा’ हे तर या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य. आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचा हलका हात लावायला पुष्कळ कंपन्या स्वतःच सांगतात. पण ब्लॉकमधली बोल्टची भोकं अनेकदा तळाशी बंद असतात. त्यात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल, तर बोल्ट उतरताना ते दाबलं जातं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. द्रव दबत नाही, म्हणून ओतीव ब्लॉकला तडा जातो. तडा गेला नाही, तरी बोल्ट द्रवावर अडून टॉर्क दाखवतो आणि हेड सैलच राहतं. हेड ठेवण्याआधी प्रत्येक भोकात वाऱ्याची नळी घालून ते कोरडं करावं आणि बोल्ट हाताने तळापर्यंत फिरतो का ते बघावं. दहा मिनिटांचं काम आहे.

सीलंटबद्दल फार लांबण लावत नाही. आजची स्टीलच्या थरांची गॅस्केट स्प्रिंगसारख्या उठावांवर काम करतात आणि त्यांच्यावर रबरी लेप आधीच असतो. वर सिलिकॉन थापलं की ते दाबून आत पिळलं जातं, आणि त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत किंवा पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. टायमिंग कव्हर आणि ब्लॉकच्या सांध्यासारख्या ठरावीक ठिकाणी एखादा ठिपका लावायला मॅन्युअल सांगतं, तेवढाच लावावा.

ग्राइंडरवरच्या पॅडचं आकर्षण मला समजतं, जुनं गॅस्केट खरोखरच चिवट चिकटलेलं असतं. पण त्या पॅडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते. ती तेलाच्या वाटांत शिरते, तिथून बेअरिंगमध्ये, आणि नवीन काम केलेल्या इंजिनाची बेअरिंग थोड्याच दिवसांत खातात. जनरल मोटर्सने याबद्दल आपल्या मेकॅनिकांना बुलेटिन काढून बजावलं होतं. दुसरा तोटा असा की ॲल्युमिनियम मऊ असल्याने पॅड जिथे क्षणभर जास्त टेकतं तिथे खळगा पडतो. डोळ्याला तो चकचकीत दिसतो, गॅस्केटला मात्र तिथे फट मिळते. गॅस्केट रिमूव्हर लावून थांबा, प्लॅस्टिकच्या पात्याने सोलून काढा.

फेस तपासणं हे निमित्त आहे का? हेडवर अचूक सरळपट्टी उभ्या कडेवर ठेवा: लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर. खालून 0.05 मिलिमीटरची फिलर गेजची पाती सरकवून बघा. साध्या गाडीच्या पुष्कळ हेडांना वाकाची मर्यादा याच आसपास असते. पाती सरळ आत गेली, तर नवीन गॅस्केट टाकून काहीही साधत नाही. यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, मग यात बिल वाढवणं कुठे आलं?

फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून, आणण्याबद्दलही एक सावधगिरी हवी. इंजिन तापून हेड वाकलं असेल, तर खालचा पृष्ठभाग एकटा वाकत नाही; वरची कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगही रेषेतून सरकलेली असतात. फक्त खालून फेस मारला तर तळ सपाट होतो आणि कॅमशाफ्ट अडकत फिरतं. म्हणून मशीनवर पाठवण्याआधी कॅमशाफ्ट आपल्या जागी ठेवून हाताने मोकळं फिरतं का, हे पाहायलाच हवं. डिझेलच्या अनेक हेडांना तर फेस मारायची परवानगीच नसते. गॅस्केटची जाडीही तिथे पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून निवडतात. गॅस्केटच्या कडेवरच्या खाचा किंवा भोकं ती जाडी दाखवतात.

मजकुरात एक गोष्ट आलेलीच नाही. गरम इंजिनाचे बोल्ट खोलू नका. पूर्ण थंड होऊ द्या, आणि आवळण्याच्या उलट क्रमाने, बाहेरून मध्ये येत, थोडे थोडे सैल करा. उतरवलेलं हेड लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा; कॅम जागेवर असेल तर काही व्हॉल्व्ह उघडे असतात, आणि हेड सपाट टेबलावर टेकवलं की तेच वाकतात.

राहिलं मॅनिफोल्ड. इनटेक, म्हणजे हवा आत नेणारं, बहुधा प्लॅस्टिकचं किंवा पातळ ॲल्युमिनियमचं असतं. एका टोकाकडून आवळत गेलं की दुसरं टोक उचललं जातं, बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता असलेला इंजिनाचा वेग) वरखाली नाचायला लागतं. मग लोक सेन्सर बदलत बसतात. एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर नेणारं, मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचं असेल तर ते तापून-निवून कमानीसारखं होतं. त्याच्याही तोंडांवर सरळपट्टी ठेवायलाच हवी. गंजलेले स्टड आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावेत आणि नट खोलताना पुढेमागे करत सोडवावा, नाहीतर स्टड हेडमध्येच मोडतो. बसवल्यावर थंड इंजिन पहिल्यांदा चालू केलं की कान मॅनिफोल्डच्या बाजूला ठेवा. टिकटिक ऐकू आली आणि गरम झाल्यावर थांबली, तर सांधा गळतोच आहे; धातू फुगल्यामुळे फट तेवढ्यापुरती मिटलेली असते. तीच फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर तिच्यातून हवाही आत ओढली जाते आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. इंजिन निवल्यावर मॅनिफोल्ड उतरवून त्याचा फेस परत तपासा.