आठ काढलात, आता चौक ओलांडा

सर्वप्रथम अभिनंदन! आधार कार्डाच्या जोरावर घरबसल्या तुम्ही लर्निंग लायसनची परीक्षा दिलीत. १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास, आणि तुमची ९ आली (त्यातली ६ बाजूला उभ्या असलेल्या दादाची, पण तो भाग वेगळा). आता ३० दिवस कळ काढायची, पक्क्या लायसनची टेस्ट द्यायची आणि पुण्याच्या रस्त्यावर उतरायचं. त्याआधी परीक्षेसाठी डोक्यात जे भरलंत ते वेळेत उपसून काढलेलं बरं.

उदाहरणार्थ, एक प्रश्न ठरलेला असतो: पादचारी रस्ता ओलांडायला थांबलेत, तुम्ही काय कराल? तुम्ही ‘गाडी थांबवून त्यांना आधी जाऊ देईन’ यावर टिक केलीत आणि मार्क खिशात घातलात. छान. हेच उत्तर नळ स्टॉपला देऊ नका. तुम्ही थांबलात म्हणून मागचा थांबेलच असं नाही. शिवाय खुद्द पादचारीच बिचकतो. हा का थांबला असेल, ओळखीचा आहे की काय, असं म्हणत तो तुमच्या काचेत डोकावत बसतो आणि सिग्नल सुटतो.

दुसरा ठरलेला प्रश्न एकेरी मार्गाचा. तिथे काय करू नये? बरोबर उत्तर: गाडी रिव्हर्समध्ये चालवू नये. हा नियम मात्र आपल्याकडे कसोशीने पाळला जातो. लक्ष्मी रस्त्यावर उलट्या बाजूने येणारा प्रत्येक जण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तोंड पुढे करूनच येतो.

आता टेस्ट. टेस्टमध्ये तुमचं ड्रायव्हिंग तपासतात, हा एक गोड गैरसमज आहे. टेस्टमध्ये तपासतात तो आकडा आणि अक्षर. पुढे जाताना गाडीने आठ काढायचा आणि मागे येताना एच. भोसरीच्या ट्रॅकवर तर हे सगळं कॅमेऱ्यांच्या साक्षीने होतं. समोर रिक्षा नाही, मागे हॉर्न नाही, मध्येच दुभाजकावरून उडी मारणारा शाळकरी मुलगा नाही. एवढी शांतता पुन्हा आयुष्यात मिळणार नाही, म्हणून आठ जरा सावकाशच काढा. बाहेर पडलात की नाशिक फाटा आहेच. तिथे आठ काढायला कुणी सांगत नाही; नंतर कधी काढलात तर तो पार्किंग शोधताना.

क्लासवाल्या सरांनी पंधरा दिवसांत ‘हात बसला’ असं सांगितलं असेल. हात तुमचाच होता, पण ब्रेक आणि क्लच सरांच्याही पायाखाली होते. पाय नक्की कुणाचा बसला, हे पहिल्या चढावर कळेल.

चौकाचा अभ्यासक्रम मात्र वेगळा आहे आणि त्याचं पुस्तक नाही. सिग्नल पिवळा झाला की स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं असतं, हे लेखी परीक्षेपुरतं. प्रत्यक्षात पिवळा म्हणजे मागच्याने तुमच्याकडून बाळगलेली अपेक्षा. डावीकडे वळणाऱ्याला सिग्नल नसतोच, अशीही एक पक्की समजूत आहे. लाल दिवा असताना डावीकडे जायला हिरवा बाण किंवा तसा फलक लागतो, हे तुम्ही सांगायला गेलात तर मागचे काका ‘नवीन दिसताय’ म्हणतील. आणि सरळ जायचं असेल तर चारही इंडिकेटर लावा. हे दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी दिलेले असतात, पण कंपनीला आपले चौक काय माहीत! डावीकडून येणाऱ्याला तुमचा डावाच इंडिकेटर दिसतो, उजवीकडून येणाऱ्याला उजवाच. दोघांनाही वाटतं, तुम्ही आपल्याकडेच वळताय, आणि दोघंही थबकतात. तुम्ही निघून जा.

सिग्नल बंद असलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. चार बाजूंनी चार गाड्या आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतंच आणि कायद्याप्रमाणे चौघांनी रात्रीपर्यंत उभं राहायला हवं. तसं होऊ नये म्हणून चौकाने आपली ज्येष्ठता यादी केली आहे: आधी पीएमपीची बस, मग पाण्याचा टँकर, मग जिला आधीच चार पोचे आहेत ती गाडी, आणि नव्या गाडीवाला सगळ्यांत शेवटी. समोरच्याने डिपर मारला तर ‘या, आधी तुम्ही’ असा अर्थ काढू नका. ‘मी येतोय, तू बघून घे’ असं तो म्हणतोय. रिक्षा कुठे वळणार हे कळायला दिवा नव्हे, चालकाचा पाय बघा. जो पाय बाहेर, ती दिशा. आणि दुचाकीचा इंडिकेटर लागलेला दिसला तर तो सकाळपासून लागलाय, एवढंच समजा.

मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलीस, कुठे उभे असतील, हे विचारू नका. जिथे गाड्या तुंबल्यात तिथे नसतील, एवढं सांगतो.

एल बोर्डाचंही बघा. पांढऱ्यावर लाल अक्षर, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौकोनी, पुढे एक, मागे एक, आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस. इतरांनी जपून चालवावं म्हणून ही पाटी. पुण्यात ती ‘याला डावीकडूनही कट मारता येतो’ अशी वाचतात. त्यातून डावीकडून ओव्हरटेक करण्याचा नियम तुम्ही पाठ केलाच असेल: पुढचा उजवीकडे वळायची खूण करून रस्त्याच्या मध्यावर गेला असेल तरच. पुढचा मध्यावर असतोच. खूण तेवढी राहते.

एवढं जमलं की मग चांदणी चौक. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून इथला जुना पूल पाडला, तरी तो पुरता पडेना. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवं बांधकाम खुलं झालं आणि रॅम्पचं असं जाळं तयार झालं की कोथरूडला जन्मलेली माणसंही तिथे काच खाली करून पत्ता विचारतात. नवशिक्याने इथे फलक वाचत बसू नये, वाचून होईपर्यंत फाटा मागे पडतो. फाटा चुकला म्हणून मागे येऊ नका, एच तुम्ही भोसरीलाच काढून झालात. बावधनला निघून साताऱ्याच्या दिशेला लागलात तर घाबरू नका, खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या आत कुठेतरी वळायला मिळेल. फक्त घरून निघतानाच सांगून ठेवा की जेवायला थांबू नका.