सौंदर्यशस्त्रक्रिया आणि रक्तातला वारसा : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

ज्यांच्या रक्तात आनुवंशिक दोष आहे, मग ते केवळ वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेले, का असेनात, त्यांना कॉस्मेटिक सर्जरी वर्ज्य आहे, असा एक इशारा सध्या बराच फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा : भुलीखाली ऑक्सिजन जरा कमी झाला की वाहकाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात; सिकलसेलची तपासणी पॉझिटिव्ह आली की कोणताही जबाबदार सर्जन हात लावत नाही; थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमियाचे वाहकपण, असेल तर हिमोग्लोबिन मुळातच कमी असल्याने रक्त चढवावेच लागते; जखमा भरत नाहीत; आणि तरीही ज्याला शस्त्रक्रिया करूनच घ्यायची आहे, त्याने कुणी विचारल्याखेरीज काही सांगू नये. यातली पहिली चार विधाने चुकीची किंवा अर्धवट आहेत. पाचवा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे, आणि त्याचा हिशेब शेवटी करू.

‘आनुवंशिक दोष’ या एका शब्दप्रयोगाखाली इथे निदान पाच निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांचा संबंध हिमोग्लोबिनशी आहे, हिमोफिलियाचा रक्त गोठवणाऱ्या घटकांशी, फॅक्टर फाइव्ह लायडनचा नको तिथे गुठळी होण्याशी, तर जी-सिक्स-पीडी या पेशीतल्या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेचा काही ठरावीक औषधांनी पेशी फुटण्याशी. यांतल्या एकाचा धोका दुसऱ्याच्या माथी मारला, की सावधगिरीच्या नावाखाली निव्वळ भीती उरते. शिवाय वाहक असणे आणि रुग्ण असणे यांतला फरक हा केवळ सौम्य-तीव्रतेचा नसतो. सिकलसेलच्या बाबतीत तर पेशीच्या आत घडणारी गोष्टच वेगळी असते.

ती अशी. हिमोग्लोबिनमधल्या बीटा-ग्लोबिनच्या साखळीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे बसल्याने हिमोग्लोबिन एस तयार होते. हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. ऑक्सिजन सोडल्यावर एसचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि पेशी वाकते. पण हे तंतू क्षणार्धात बनत नाहीत, त्यांना काही वेळ लागतो, आणि तो वेळ पेशीतल्या एसच्या प्रमाणावर कमालीचा अवलंबून असतो. रुग्णाच्या, म्हणजे एसएस व्यक्तीच्या, पेशीत जवळजवळ सगळे एसच असल्याने हा वेळ फार थोडा असतो. वाहकाच्या, म्हणजे एएस व्यक्तीच्या, प्रत्येक पेशीत एसचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असते आणि उरलेला मोठा भाग नेहमीच्या हिमोग्लोबिन ए-चा असतो. हे ए तंतूंच्या बांधणीत खोडा घालते, त्यामुळे तंतू बनण्याआधीच पेशी फुप्फुसात परतून पुन्हा ऑक्सिजन घेते. वाहकाच्या पेशी वाकण्यासाठी ऑक्सिजन ज्या पातळीपर्यंत घसरावा लागतो, ती पातळी नीट दिलेल्या भुलीत येत नाही. भूलतज्ज्ञ ऑक्सिजनची मात्रा सतत पाहत असतात, रुग्णाला उबदार ठेवतात आणि शरीरातले पाणी कमी होऊ देत नाहीत. ही काळजी वाहकासाठी वेगळी काढून ठेवलेली नसून प्रत्येकासाठी घेतली जाते, आणि जिथे ती घेतली जात नाही तिथे कोणाही माणसाने टेबलावर चढू नये.

तरीही वाहकाला काहीच होत नाही, असे उलट टोकाचे विधान मी करणार नाही. शरीरात एक जागा अशी आहे की तिथे वाहकाच्या पेशीसुद्धा वाकतात : मूत्रपिंडाचा आतला गाभा, जिथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त आणि क्षारांची दाटी असते. म्हणून अनेक वाहकांची लघवी हवी तेवढी दाट होऊ शकत नाही, आणि पाणी न पिता राहिल्यास त्यांच्या शरीरातले पाणी इतरांपेक्षा लवकर घटते. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीही न घेता राहण्याची जी सवय अजून आढळते, ती वाहकाने पाळू नये. घन आहार सहा तास आधी थांबवणे आवश्यक असले, तरी साधे पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालते, आणि हा नियम सर्वमान्य आहे. दुसरी गोष्ट अशी, की फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचा धोका वाहकांमध्ये सुमारे दीड ते दोन पट आढळला आहे. नाकाच्या तासाभराच्या शस्त्रक्रियेत याने फारसा फरक पडत नाही. पण पोटाची त्वचा आणि स्नायू घट्ट करण्याची शस्त्रक्रिया, सोबत लिपोसक्शन आणि नंतर अनेक दिवस अंथरुणाला खिळून राहणे असा बेत असेल, तर तो सर्जनने हिशेबात धरायला हवा.

आता तपासणीच्या मुद्द्याकडे. सिकलसेलची जी झटपट चाचणी प्रथम केली जाते, ती सॉल्युबिलिटी टेस्ट, रक्तात एस आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. तेवढ्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावरून नकार देणारा सर्जन जबाबदार नव्हे, तर घाईत आहे असे म्हणावे लागेल. खरा उलगडा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीतून होतो, आणि त्या अहवालात आकड्यांचा क्रम पाहायचा असतो. ए जास्त आणि एस कमी असेल, तर व्यक्ती वाहक. एस जास्त आणि ए थोडे किंवा अजिबात नाही, असे असेल आणि अलीकडे रक्त चढवलेले नसेल, तर एका पालकाकडून सिकलसेलचा व दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा जनुक आलेला असण्याची शक्यता असते. अशी व्यक्ती स्वतःला ‘दोन्हींची वाहक’ म्हणवून घेते, पण प्रत्यक्षात ती रुग्ण असते, आणि तिच्यासाठी भुलीची सगळी तयारी रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने वेगळी करावी लागते. फिरत्या इशाऱ्याला ज्यांची काळजी वाटायला हवी होती, ते नेमके हे लोक त्यात कुठेच नाहीत.

थॅलेसेमिया मायनरबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. हिमोग्लोबिन थोडे कमी आणि तांबड्या पेशी आकाराने लहान, हे या वाहकांचे जन्मभराचे चित्र असते. दहा-साडेदहाच्या आसपासचा आकडा असूनही त्यांचे दैनंदिन आयुष्य सुरळीत चालते, कारण शरीराला त्याची पहिल्यापासून सवय असते. पण अहवालात तो आकडा ठळक अक्षरांत छापला जातो, कोणीतरी लोहाच्या गोळ्या सुरू करते, महिनोन्‌महिने आकडा हलत नाही आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जात राहते. हिमोग्लोबिन ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, 3.5 टक्क्यांहून जास्त असणे ही बीटा थॅलेसेमिया मायनरची खूण आहे. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासले की लोहाची कमतरता खरोखर आहे का, तेही कळते, आणि ती आढळली तर आधी ती भरून काढावी, कारण कमतरतेमुळे ए-टूचा आकडाही खाली दिसू शकतो. मर्यादित रक्तस्राव अपेक्षित असलेल्या शस्त्रक्रियेसाठी या वाहकांना केवळ ते वाहक आहेत म्हणून रक्त चढवण्याचे कारण नसते. मोठ्या शस्त्रक्रियेत मात्र हाताशी असलेला हिमोग्लोबिनचा साठा कमी आहे हे लक्षात घेऊन एकाच वेळी तीन भागांवर काम करण्याचा मोह सर्जनने आणि रुग्णाने, दोघांनीही आवरावा.

जखमा न भरण्याची कथा बहुधा सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याजवळ होणाऱ्या चिवट व्रणांवरून आली असावी. वाहकांना ती लागू नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेत सोडवून ताणलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा खरोखर धोक्यात आणते ते निकोटिन, आणि त्यासाठी निदान चार आठवडे आधी धूम्रपान बंद करायला सांगतात. पण त्याबद्दल या इशाऱ्यात अवाक्षर नाही.

धोका जिथे खरा आहे, तिथे हा इशारा गप्प आहे, ही माझी मुख्य तक्रार आहे. फॅक्टर फाइव्ह लायडन हा जनुकातला बदल 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन येथे ओळखला गेला. त्याची एक प्रत असलेल्या व्यक्तीत शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका सुमारे तीन ते पाच पट असतो आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो आणखी बराच वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी गुठळीचा धोका मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅप्रिनी गुणपत्रकात या एका बदलाला तीन गुण आहेत. पंचेचाळीस वर्षांच्या, किंचित जास्त वजनाच्या, गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने पाऊण तासाहून मोठी शस्त्रक्रिया ठरवली, तर वय, वजन, गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांचेच पाच गुण होतात, जनुकासह आठ. एवढ्या गुणसंख्येला रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, लवकर चालायला लावणे, गोळ्या काही आठवडे आधी बंद करणे आणि बेत लहान करणे यांचा गंभीरपणे विचार करावाच लागतो; आणि कधीकधी ‘ही शस्त्रक्रिया करू नका’ हेच प्रामाणिक उत्तर असते.

हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. हिमोफिलियाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स योगायोगाने निष्क्रिय होते, त्यामुळे त्यांच्यातील गोठवणाऱ्या घटकाची पातळी सरासरीने निम्मी असली, तरी काहींची सौम्य हिमोफिलियाएवढी खाली असते. नेहमीच्या गोठण्याच्या चाचण्या अशा वेळी फसव्या ठरू शकतात, म्हणून घटकाची पातळीच मोजून घ्यावी लागते. पापण्यांची शस्त्रक्रिया दिसायला किती किरकोळ! पण डोळ्याच्या मागे रक्त साचले, तर दृष्टी जाऊ शकते. सिकलसेलच्या वाहकासाठी जी शस्त्रक्रिया जवळजवळ बिनघोर, तीच इथे पूर्वतयारीशिवाय करू नये अशी ठरते. म्हणूनच ‘वाहकांनी शस्त्रक्रिया करावी का’ या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. कशाचे वाहक, आकडे किती आणि शस्त्रक्रिया कोणती, हे तिन्ही ठाऊक झाल्यावरच उत्तर देता येते.

राहिला न सांगण्याचा सल्ला. नकार टाळण्यासाठी माहिती लपवणारा माणूस कळत-नकळत वर सांगितलेली प्रत्येक खबरदारी स्वतःच काढून टाकतो. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या व्यक्तीचे उदाहरण घ्या. त्वचा बधिर करण्यासाठी लेझरच्या आधी लावल्या जाणाऱ्या काही मलमांत प्रिलोकेन असते. मोठ्या भागावर ते जास्त लावले गेले, तर हिमोग्लोबिनचे ऑक्सिजन न वाहणाऱ्या मेथहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर होऊ शकते, आणि ही कमतरता असलेल्यांत त्याची शक्यता अधिक असते. त्यावर सहसा दिले जाणारे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. या व्यक्तींच्या तांबड्या पेशी नेमक्या त्या औषधानेच फुटू शकतात, म्हणून त्यांना ते देत नाहीत. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असेल, तर तो मुळात दुसरे मलम निवडतो. ठाऊक नसेल, तर समोरच्याचे ओठ निळसर पडलेले पाहून तो पुस्तकात लिहिल्याप्रमाणे योग्य तेच करेल, आणि नेमके तेच या रुग्णाला मानवणार नाही.