‘स्टाइन्स गेट’चे पहिले अकरा भाग गाळू नका

‘सुरुवात फार रटाळ आहे, थेट बाराव्या भागापासून बघितलं तर चालेल का?’ हे ‘स्टाइन्स गेट’बद्दल मला इतक्यांदा विचारलं गेलंय की एकदाच नीट लिहून टाकतो. नाही चालणार. (पुढे स्पॉयलर आहेत.)

२०११ची ही २४ भागांची जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका. टोकियोच्या अकिहाबारात जुन्या टीव्हींच्या दुकानावर एक खोली, तिथे मोबाइलला जोडलेला मायक्रोवेव्ह आणि त्यातून भूतकाळात जाणारे मेसेज. मेसेज गेला की जग थोडं बदलतं आणि आधीचं जग आठवतं ते फक्त नायकाला, म्हणजे ओकाबेला. त्याचा मित्र रुका याला मुलगी म्हणून जन्मायचं असतं, म्हणून रुकाच्या आईच्या जुन्या पेजरवर काय जातं? तर भाज्या खा! मैत्रीण फेरिसच्या मेसेजनंतर ओकाबे रस्त्यावर येतो, तर अकिहाबारातली अ‍ॅनिमेची सगळी दुकानंच गायब. आपण हसतो आणि पुढच्या भागाकडे वळतो.

बाराव्या भागात ओकाबेची बालमैत्रीण मायुरी हिला गोळी लागते. ओकाबे पुन्हा पुन्हा मागे जातो, तरी ती मरतेच. तिला वाचवायचं तर पाठवलेला एकेक मेसेज रद्द करायचा. म्हणजे ज्या भागांना लोक टाइमपास म्हणतात, तेच आता उलटे फिरायला लागतात. फेरिसचे वडील विमान अपघातात गेले होते आणि तिच्या त्या मेसेजमुळे वाचले होते, हे इथे कळतं. दुकानं परत आणायची म्हणजे वडिलांना पुन्हा गमवायचं, आणि तेही तिने स्वतः कबूल करून. रुका तर पुन्हा मुलगा होण्याच्या बदल्यात ओकाबेबरोबर फक्त एक दिवस मागते. आधीचे भाग न बघता या दोघींसाठी जीव तुटेल कसा?

बऱ्याच मालिकांत मोठं कथानक सुरू झालं की बाहेरून नवा खलनायक येतो आणि आधीची मंडळी कोपऱ्यात जातात. इथे सर्न या संशोधन संस्थेची माणसं येतात खरी, पण ओकाबेची खरी कोंडी होते ती त्याच्याच मित्रांच्या इच्छांमुळे. लेखकांनी आधीच्या भागांतलं काहीही वाया घालवलेलं नाही, याचं मला प्रचंड कौतुक आहे.

अपवाद मोएकाचा, म्हणजे मायुरीला गोळी घालणारीचा. तिच्या एकटेपणाला पहिल्या अर्ध्यात पुरेशी जागाच दिलेली नाही, त्यामुळे तिचं कोसळणं पटतं, पण फेरिससारखं आत घुसत नाही. तिला आणखी एक अख्खा भाग द्यायला हवा होता.