सीडी५ दिसला म्हणजे सीएलएल? इतकं सोपं नाही

फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या खुणा मोजणारी तपासणी) रिपोर्टबद्दल एक संदेश खूप फिरतोय: 'बी पेशींवर सीडी५ आला की सीएलएल पक्का, आणि सोबत सीडी३८ असेल तर लगेच केमो.' सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, बी पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) रक्तकर्करोग; सीडी५, सीडी३८ ही पेशींवरच्या खुणांची, म्हणजे मार्करची, नावं.

'सीडी५ आला की पक्का.' मँटल सेल लिम्फोमा या बी पेशींच्या दुसऱ्या कर्करोगातही बी पेशींवर सीडी५ येतो, आणि त्याचे उपचार निराळे. म्हणून खुणांचा अख्खा संच बघावा लागतो. सीएलएलमध्ये सीडी२३ पॉझिटिव्ह, सीडी२०० ठळक, एफएमसी७ निगेटिव्ह. सीडी२०, सीडी७९बी आणि पृष्ठभागावरचं इम्युनोग्लोब्युलिन (पेशीचं स्वतःचं प्रतिपिंड) मंद. मँटल सेलमध्ये सीडी२३ आणि सीडी२०० सहसा नसतात, सीडी२० ठळक असतो. मंद की ठळक हे न सांगता नुसतं 'सीडी२० पॉझिटिव्ह' लिहिलेला रिपोर्ट अर्धाच समजावा.

माट्युटेस गुणांकनात सीडी५, सीडी२३, एफएमसी७, सीडी७९बी आणि इम्युनोग्लोब्युलिन यांना सीएलएलसारखं वागल्याचा एकेक गुण मिळतो. ४ किंवा ५ आले तर सीएलएल. ३ आले तर घाई नको: सायक्लिन डी१ (मँटल सेलमध्ये वाढणारं प्रथिन) तपासून किंवा ११;१४ स्थानांतरासाठी (११ आणि १४ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) फिश ही गुणसूत्रांची तपासणी करून मँटल सेल आधी बाजूला काढा. ट्रायसोमी १२ (१२ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन) असलेले सीएलएलचे रुग्ण इथे बऱ्याचदा अडकतात.

शिवाय सीडी५ खोटाही दिसू शकतो. टी पेशींवर सीडी५ असतोच; टी पेशी आणि बी पेशी चिकटून एकत्र गेल्या की यंत्राला ती सीडी५ आणि सीडी१९ (बी पेशींची खूण) दोन्ही असलेली एकच पेशी वाटते. अशा जोड्या गेटिंगमध्ये (मोजायच्या पेशी निवडताना) वगळा, नळीत सीडी३ (टी पेशींची खूण) घाला. कॅप्पा-लॅम्डा (इम्युनोग्लोब्युलिनच्या साखळीचे दोन प्रकार; जवळपास सगळ्या बी पेशींवर एकच प्रकार दिसला तर त्या क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या) तपासण्याआधी पेशी नीट धुवा. नाहीतर प्लाझ्मातलं इम्युनोग्लोब्युलिन चाचणीत घातलेलं प्रतिपिंड गिळून टाकतं आणि क्लोन दिसतच नाही.

मार्कर जुळले तरी आकडा हवाच: रक्तात दर मायक्रोलिटरला किमान ५,००० क्लोनल बी पेशी, तेही ३ महिने टिकून. आकडा त्याखाली असेल आणि गाठी, वाढलेली प्लीहा किंवा इतर लक्षणं नसतील तर ती मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस, म्हणजे क्लोन आहे पण सीएलएल नाही. गाठी असतील तर एसएलएलचा (सीएलएलचंच गाठींमधलं रूप) विचार.

'सीडी३८ असेल तर लगेच केमो.' हे तर सगळ्यात घातक. ३० टक्क्यांवरचा सीडी३८ आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज देतो, तोही काळानुसार बदलतो. उपचार सुरू होतात ते हिमोग्लोबिन १० च्या किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली घसरले, गाठी खूप वाढल्या, लिम्फोसाइट ६ महिन्यांच्या आत दुप्पट झाले अशा कारणांनी. आणि तेव्हाही आधी १७पी (१७ व्या गुणसूत्राचा एक भाग) आणि त्यावरचं टीपी५३ जनुक तपासतात, कारण तिथे दोष असेल तर नेहमीची केमो फारशी चालत नाही.